सव्वा वर्षाचं लग्न, मूल नाही, तरी एवढी पोटगी कशासाठी?

मनोहर_तळेगाव
आमच्या नात्यातल्या एका मुलाची केस चालू आहे म्हणून विषय काढतोय. लग्न जेमतेम सव्वा वर्ष टिकलं, मूलबाळ नाही, दोघंही इंजिनिअर, आणि मुलीकडचे एकरकमी मागतायत ते मुलाच्या पाच वर्षांच्या पगाराएवढं. जिने वीस वर्षं संसार केला, नोकरी सोडून पोरं वाढवली तिला मिळालंच पाहिजे, त्यात वादच नाही. पण इथे? 2025 च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टात आलेली केस आठवत असेल, 18 महिन्यांचं लग्न आणि मागणी 12 कोटी, मुंबईत फ्लॅट, वर बीएमडब्ल्यू. सरन्यायाधीश गवईंनी स्पष्ट सांगितलं की एवढं शिकलाय तर स्वतः कमवा. बरोबरच बोलले.

शर्वरी_के
मग त्या केसचा निकालही सांगा ना काका, ऑगस्टमध्ये तिला तो फ्लॅट मिळाला, वरची रक्कम नाही मिळाली.
आणि थोड्या दिवसांत काय जातं म्हणता, तर लग्न ठरल्यावर नोकरी कोण सोडतं ते बघा आधी. माझी मैत्रीण नाशिकची चांगली नोकरी सोडून नवऱ्यासाठी बंगळूरला गेली, तिथे कितीतरी महिने घरी बसून इंटरव्ह्यू दिले, मिळाली ती कमी पगाराची, त्यात घरात रोज कटकट, शेवटी माहेरी आली. आता नव्या ठिकाणी पहिला प्रश्न हाच की मधे गॅप का. त्याचं प्रमोशन ठरल्या वेळी झालं. तिच्या वडिलांनी लग्नासाठी पीएफ काढला होता तो वेगळाच. मूल नाही म्हणजे नुकसान नाही हे कुठून आलं?

कोर्टाची_पायरी
वकिली करतो म्हणून थोडं स्पष्ट करतो, कारण इथे दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होतेय. हिंदू विवाह कायद्यात कलम 24 ची पोटगी केस चालू असेपर्यंतची, कलम 25 ची कायमची. लग्न किती टिकलं याचा खरा विचार कायमच्या वेळी होतो, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हे सांगितलंय, आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं हेही तेव्हाच बंधनकारक केलं. लोक सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालातले नवऱ्याच्या पगाराचे 25 टक्के सगळीकडे चिकटवतात, पण त्या केसमध्ये लग्न जुनं होतं, मुलगाही होता, तो आकडा सव्वा वर्षाच्या लग्नाला लावायचा काही संबंध नाही. स्त्रीधन मात्र पोटगीत धरायचं नाही हं, दागिने तिचेच आहेत, ते परत देऊन उपकार केल्यासारखं बोलू नये.

अमित_पाटील८८
कागदावर छान आहे हो. प्रत्यक्षात अंतरिमचा, म्हणजे त्या कलम 24 चा, अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा असं कलमातच लिहिलंय, शक्यतो म्हणून, आणि तारखा पडतात वर्षानुवर्षं. मुलगा थकतो, आईवडील आजारी पडतात, आणि मग द्या बाबा काय मागते ते म्हणून म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, होतं. ही पोटगी नाही, सुटकेची किंमत आहे!

शर्वरी_के
थकते ती पण. निम्म्या पैशात सही करून मोकळ्या झालेल्या बायका मला माहीत आहेत. तारखांचा राग मुलीवर का काढायचा?

निशिगंधा
बाईनेच घ्यायचं असं कायद्यात नाहीये. 24 आणि 25 दोन्ही कलमं नवऱ्यालाही लागू आहेत, नांदेडच्या केसमध्ये शिक्षिका असलेल्या बायकोने घटस्फोटित नवऱ्याला महिना 3000 द्यायचे हा आदेश हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2022 मध्ये कायम ठेवला. म्हणजे प्रश्न गरजेचा आणि नुकसानीचा आहे.

मनोहर_तळेगाव
नुकसानीचा असेल तर नुकसान मोजा की! शर्वरी, तुझ्या मैत्रिणीचे बुडालेले पगार, घर बदलायचा खर्च, पुन्हा उभं राहायला लागणारं एखाद वर्ष, एवढं द्यायला मी कधीच नाही म्हणणार नाही. पण आमच्या केसमध्ये मुलीची नोकरी एक दिवसही सुटलेली नाही. तिथे पाच वर्षांचा पगार कशाच्या हिशोबाने?

शर्वरी_के
तिची नोकरी खरंच सुटली नसेल तर पाच वर्षांचा पगार मलाही पटत नाही. पण लग्नात झालेल्या खर्चाचे दोन्हीकडचे आकडे समोर ठेवा, आणि अर्धा भार तुमच्या मुलानेही उचलावा, मग रक्कम ठरवा.

मनोहर_तळेगाव
खर्चाचं मान्य. मानपान दोन्हीकडून झालं होतं, तेही मोजू. प्रतिज्ञापत्र मात्र तिनेही खरं द्यावं, पगार लपवून नाही.