मलेशिया-सिंगापूरच्या इंग्रजी कादंबऱ्या: स्थलांतर आणि बदलती वांशिक ओळख. सुरुवात कुठून करावी?

सायली_वाचते:
आमच्या ठाण्याच्या वाचनगटात पुढचे दोन महिने आग्नेय आशियातलं इंग्रजी लेखन घ्यायचं ठरलंय. बाहेरून येऊन तिथे स्थायिक झालेल्यांची ओळख पिढीगणिक कशी बदलत गेली, हे सांगणारी पुस्तकं सुचवा. टॅन ट्वान एंग यांची ‘द गिफ्ट ऑफ रेन’ वाचून झालीय. आता बंगल्यांतून बाहेर पडून कष्टकऱ्यांच्या घरांत जायचंय. काही जणांना इंग्रजी जड जातं, तेही लक्षात घ्या.

रबराचा_मळा:
के. एस. मनियम यांची ‘द रिटर्न’ (१९८१) आधी घ्या. लहान आहे, भाषा सोपी आहे. केदाह राज्यातलं तमिळ कुटुंब: आजी पेरियाताई भारतातून आलेली, मुलगा इस्पितळात धोबी, नातू रवी इंग्रजी शाळेत. मनियम यांचे वडीलही इस्पितळात धोबीच होते, त्यामुळे त्या वस्तीतलं लहानमोठं सगळं त्यांना आतून ठाऊक आहे. आजी आयुष्यभर राबते, पण घराखालची जमीन तिच्या नावावर होत नाही. पुढे रवीचे वडीलही परक्या जमिनीवर हट्टाने घर बांधतात. त्यांचं पुढे काय होतं ते सांगत नाही, वाचाच. रवी शिकून इंग्लंडला जाऊन येतो आणि घरच्यांनाच परका होतो. परदेशी गेलेल्यांच्या यशाच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची ही कथा मला त्या सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते.

त्यानंतर लॉइड फर्नांडो यांची ‘स्कॉर्पियन ऑर्किड’ (१९७६). लेखक मूळचे श्रीलंकेतल्या कँडीचे, १९३८ मध्ये सिंगापूरला आले. १९५० च्या दशकातलं अशांत सिंगापूर आणि चार मित्र: मलय, चिनी, तमिळ आणि युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचा). चौघांच्याही ओळखीची सॅली चिनी की मलय, हे त्यांना नक्की सांगता येत नाही. दंगलीत मात्र सर्वांत जास्त तीच भोगते. मधेमधे जुन्या मलय ग्रंथांतले उतारे येतात, तिथे वेग मंदावतो. वगळू नका.

नंदन_सिंगापूर:
दोन्हींना +१. इथे राहून सांगतो, हा विषय रोजच्या कागदपत्रांत भेटतो. चिनी, मलय, भारतीय, इतर असे चार वर्ग. आईवडील वेगळ्या वंशांचे असतील तर २०११ पासून मुलाच्या नोंदीत दोन्ही वंश लावता येतात. शाळेत ‘भारतीय’ मुलाला मातृभाषा म्हणून तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांतली एक घेता येते. मराठी त्यात नाही, म्हणून इथली बरीच मराठी मुलं हिंदी शिकतात. बल्ली कौर जसवाल यांची ‘इनहेरिटन्स’ (२०१३) घ्या. शीख कुटुंब आहे, पण ही ओढाताण ओळखीची वाटेल.

सायली_वाचते:
मनापासून आभार, नंदनदादा, मळेकर! मलय बाजू समजून घ्यायला काय वाचावं?

रबराचा_मळा:
सायलीताई, फर्नांडोंचीच ‘ग्रीन इज द कलर’ (१९९३). मलेशियातल्या १३ मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलीनंतरचा काळ, मलय सिती सारा आणि चिनी युन मिंग यांचं प्रेम. वाचण्याआधी मलेशियाच्या राज्यघटनेचं १६० वं कलम गटाला समजावून सांगा. ‘मलय’ कोण, याच्या व्याख्येत इस्लाम, मलय भाषा आणि मलय रीतिरिवाज येतात, शिवाय जन्म-वास्तव्याची अट. हे माहीत असलं की या प्रेमात धर्माचा प्रश्न एवढा मोठा का होतो, ते लगेच कळतं.