पटलेल्या लेखाची चिकित्सा कशी करायची?

पंचगंगाकाठ
नमस्कार. मी कोल्हापुरात बी.ए.ला आहे, विषय तत्त्वज्ञान. वर्तमानपत्रातला एखादा वैचारिक लेख घेऊन त्यातल्या युक्तिवादाचं मूल्यमापन करायला सांगितलंय. मी महापुरावरचा लेख घेतलाय. त्याचा गाभा असा: २०१९ ला कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण भरलेलं होतं आणि महापूर आला, २०२१ लाही तेच झालं, धरणाचा फुगवटा, म्हणजे मागं तुंबणारं पाणी, शिरोळ तालुक्यापर्यंत येतो. म्हणून कोल्हापूर जिल्ह्याच्या महापुराला अलमट्टीच कारणीभूत आहे आणि त्याची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करू देता कामा नये. मधेमधे बुडालेल्या घरांची, दावणीला बांधलेल्या जनावरांची वर्णनं आहेत. वाचताना डोळ्यांत पाणी येतं.

माझी अडचण अशी की मला लेख पटलाय. उंची वाढवू नये असंच मलाही वाटतं. मग त्यात खोट काढायची म्हणजे नेमकं काय करायचं? सारांश लिहून झालाय, पुढं पेन सरकत नाही.

रंकाळा८८
दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे लिही आणि शेवटी तुझं मत. वडनेरे समितीचा उल्लेख मात्र विसरू नको. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनंच नेमलेली समिती, आणि तिनं त्या पुराला अलमट्टीला जबाबदार धरलं नव्हतं. तेवढ्यावर लेख खोडला जातो.

तर्कशास्त्राच्या बाई
मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हीच जागा अवघड असते. न पटणाऱ्या लेखातली भोकं कुणालाही दिसतात.

पहिली गोष्ट, खोट काढायला बसू नकोस. निष्कर्ष खरा आहे का हा एक प्रश्न आणि दिलेल्या कारणांवर तो उभा राहतो का हा दुसरा. तुला दुसरा विचारलाय. खऱ्या निष्कर्षाला लंगडं कारण दिलेलं असू शकतं, आणि आपल्या बाजूचं लंगडं कारण आपणच आधी ओळखलेलं बरं. पाणीतंट्याच्या लवादापुढं ते समोरच्या वकिलानं ओळखलं तर नुकसान शिरोळच्या माणसाचं होतं.

आता लेखातली वर्णनं बाजूला ठेव आणि उरलेलं एकेक विधान सुट्या ओळीवर लिही. तू सांगितलेल्या गाभ्यात एक नाही, दोन निष्कर्ष आहेत. "आजवरच्या पुराला अलमट्टी कारण" हा झालेल्या गोष्टीबद्दलचा. "उंची वाढवू नये" हा पुढच्याबद्दलचा. लेखकानं दुसरा पहिल्यावर टेकवलाय.

पहिला घे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, हे तू शिकलीच असशील. त्यातल्या उदाहरणाकडं नीट बघ. स्वयंपाकघरात धूर आहे तिथं आग आहे, एवढ्यावर ते शास्त्र थांबत नाही. तळ्यावर आग नाही आणि धूरही नाही, हेही दाखवायला लागतं. तुझ्या लेखकानं स्वयंपाकघरं दोन दिली, २०१९ आणि २०२१. तळं एकही दिलं नाही.

ते तू शोध. अलमट्टी भरलं पण पूर आला नाही अशी वर्षं आहेत का? चांगल्या पावसाळ्यात ते धरण भरतंच, दरवर्षी काही महापूर येत नाही. म्हणजे हेतू (दिलेलं कारण) आहे पण साध्य (सिद्ध करायची गोष्ट) नाही. याला सव्यभिचार म्हणतात, हेत्वाभासातला, म्हणजे फसव्या कारणांतला, पहिला. उलट बाजूनंही बघ. १९८९ चा पूर आठवणारी माणसं कोल्हापुरात घरोघरी आहेत, आणि अलमट्टीचं काम पूर्ण झालं २००५ ला. तेव्हा "अलमट्टीच" मधला तो "च" टिकत नाही. नुसतं एकामागोमाग घडलं म्हणून कारण ठरवलं, तर तो काकतालीय न्याय होतो.

पण इथं थांबलीस तर लेखकावर अन्याय होईल. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, आणखी एक गोष्ट शिकवतात, उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट. आग असली की धूर असतोच असं नाही, सरपण ओलं लागतं. तसं इथं "धरण भरलेलं आणि त्याच दिवसांत पाणलोटात धो-धो पाऊस आणि सोडलेलं पाणी येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी" अशी अट घातली, तर लेखकाचं म्हणणं बरंच भक्कम होतं. ते तूच भक्कम करून लिही, आणि मग तपास. त्या दिवसांची आवक-विसर्गाची आकडेवारी लेखात आहे का? नसेल तर नेमकं तेच नाही असं लिही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव, नदीपात्रालगतची बांधकामं, या दुसऱ्या कारणांना लेखक शिवलाय का तेही बघ.

बुडालेल्या घरांच्या वर्णनाला नावं ठेवू नकोस. प्रश्न किती मोठा आहे ते त्यातनं कळतं, आणि ते कळायलाच हवं. पाणी कुणामुळं आलं हे मात्र त्यातनं कळत नाही. जिथं पुरावा यायला हवा होता तिथंच वर्णन आलंय का, एवढं तपास. "सर्वांना ठाऊकच आहे" असं जिथं असेल तिथंही पेन्सिलनं खूण कर.

रंकाळा८८, समितीचं मत वजनदार आहे, पण त्यानं लेख खोडला जात नाही. ते मत झालेल्या पुराबद्दल, असलेल्या उंचीबद्दलचं. ५२४.२५६ ला काय होईल हा वेगळा प्रश्न आहे.

शिरोळचा शेतकरी
मॅडम, तुमचं सगळं वाचलं. पण आमच्याकडं पाणी चढतं तेवढ्याच चालीनं उतरत न्हाई, तुंबून ऱ्हातं. कोल्हापुरात रस्ते मोकळे झाले तरी आमचा ऊस पाण्यातच. हे डोळ्यांनी बघितलेलं, ह्याला पुरावा म्हणायचं का न्हाई?

तर्कशास्त्राच्या बाई
दादा, पुरावाच आहे, आणि त्या लेखात नसलेला पुरावा आहे. प्रत्यक्षाला आमच्या शास्त्रात पहिला मान. तुम्ही बघितलंय ते "खाली पाणी अडतंय" याचा पुरावा. ते अलमट्टीनं अडतंय, हिप्परगीच्या बंधाऱ्यानं, की कृष्णेलाच पूर असल्यानं पंचगंगेचं पाणी नरसोबावाडीच्या (नृसिंहवाडीच्या) संगमाला पुढं सरकत नाही, हे अजून वेगळं काढायचं राहतं. दुसरं, तुम्ही शिरोळबद्दल बोलताय. लेखकानं पुरावा शिरोळचा देऊन निष्कर्ष सगळ्या जिल्ह्याचा काढलाय. फुगवट्याचा परिणाम वर जाईल तसा कमी होत जातो, म्हणून शिरोळ आणि कोल्हापूर शहर यांना एकच निष्कर्ष लावता येत नाही.

पंचगंगाकाठ
बाई, खूप आभार. आता असं लिहिलंय: "लेखकाचा पहिला निष्कर्ष जिल्ह्याबद्दल सिद्ध होत नाही, शिरोळ तालुक्याबद्दल तो शक्य कोटीतला आहे, पण आकडेवारीविना अपुरा. उंची वाढवण्याला असलेला विरोध पहिल्या निष्कर्षावर अवलंबून न ठेवताही मांडता येतो: ४.६५६ मीटर वाढीचा फुगवटा कुठवर जाईल हे आधी दाखवा, ही मागणी पुरेशी आहे." रोजची पाणीपातळी कुठं मिळेल?

शिरोळचा शेतकरी
ताई, पाटबंधारे खात्याच्या हापिसात विचारा. पुराच्या दिवसांत रोज बंधाऱ्यांच्या पातळीचा तक्ता निघतो: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर. राजारामची धोका पातळी ४३ फूट. वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांवर पाणी कवा उतरायला लागलं त्या तारखा शेजारी-शेजारी मांडा.