खंडेनवमीचा कोहळा सरकारी पायरीवर फुटला, तर बिल कुणाच्या नावावर?

टिळकवाडी_कट्टा

काल इथं एकानं लिहिलं : "तालुक्याच्या कचेरीत खंडेनवमीची पूजा साहेबांनी स्वतः केली, पायरीवर कोहळाही फोडला. यात धर्म कुठं आला? ही आपली संस्कृती. ज्यांना पोटदुखी होते त्यांनी रजा टाकावी."

'रजा टाकावी' वाचलं आणि गप्प बसवेना. साहेबांनी घरी सात होम करावेत, कुणाची ना नाही. कचेरीत मात्र तीन गोष्टी बघायच्या. सूचना कुणाच्या सहीनं निघाली? पैसा कुठल्या खात्यातून गेला? आणि जो पूजेला थांबला नाही त्याचं नाव कुणी टिपलं? घटनेचं कलम 27 सांगतं की, ज्या कराचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी खास राखलंय, तो कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. म्हणून व्हाउचरवर 'पूजा' शब्द येतच नाही, 'किरकोळ खर्च' येतो. त्यातही बसलं नाही तर टेबलाटेबलावर वर्गणी. यादी साहेबांच्या शिपायाच्या हातात असली की ती वर्गणी ऐच्छिक कशी राहते, ते सांगा.

बोम्मई खटला तर आपल्याच कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्याच्या नावाचा. 1994, नऊ न्यायाधीश. राज्यकारभारात धर्म मिसळू नये, हे त्यात स्पष्ट आहे.

मार्कंडेय_काठ

बोम्मई निकाल राष्ट्रपती राजवटीचा आहे ओ. कोहळ्याशी त्याचा काय संबंध? तुमच्या कामाचे निकाल दुसरेच, आणि ते तुमच्या विरुद्ध जातात. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका 2011 मध्ये फेटाळली, वर याचिकाकर्त्याला 20,000 रुपये भरायला लावले. त्याच वर्षी हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे वळला तरच 27 मोडतं. आता एक कोहळा, पाच लिंबं आणि पाव किलो कुंकू म्हणजे कराचा मोठा हिस्सा म्हणायचा काय?

कागदपत्रवाली

अर्धंच सांगायची सवय चांगली आहे. हज अनुदान दहा वर्षांत संपवा असं त्याच न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलं आणि 2018 ला ते बंदही झालं. मार्च 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालय इमारतीच्या पायाभरणीला सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्या. अभय ओक म्हणाले, न्यायालयाच्या कार्यक्रमांतली पूजा थांबवा, घटनेच्या प्रास्ताविकेपुढं मान झुकवा. हे ओक आधी आपल्या कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती होते. भाषण आहे, निकाल नाही, हे मीच सांगते, म्हणजे तुमचे कष्ट वाचतील.

आणि रक्कम किरकोळ म्हणता, तर बस बघा. केएसआरटीसी, म्हणजे कर्नाटकाचं एसटी महामंडळ, आयुधपूजेला (खंडेनवमीलाच) दर बसमागे 100 रुपये द्यायची, त्याचे 250 झाले. तिकिटाचा पैसा आहे म्हणाल, पण 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना फुकट प्रवास, आणि त्या तिकिटाची भरपाई सरकार करतं. म्हणजे कराचा पैसा तिथंही शिरलाच.

मार्कंडेय_काठ

शिरला, पण पूजेसाठी 'खास राखलेला' नाही. कलम तुम्हीच वाचा की.

सौंदत्ती_वाट

कोहळ्याचं बिल विचारता, मग देवळाची हुंडी, म्हणजे दानपेटी, कोण मोजतं ते विचारा. यल्लम्माचं देऊळ मुजराई खात्यात, म्हणजे देवळं बघणाऱ्या सरकारी खात्यात. 1997 च्या कायद्यानं वर्षाला 25 लाखांवर उत्पन्न गेलं की देऊळ 'अ' वर्गात, आणि तिथला वाटा सामायिक निधीत. सरकारला देवळापासून वेगळं ठेवायचंय तर आधी हात हुंडीतून काढा. वर इमामांना मानधन!

कागदपत्रवाली

2025 च्या अर्थसंकल्पातलं मानधनाचं वाक्य पुरतं वाचा. जैन पुजारी, शिखांचे मुख्य ग्रंथी आणि पेश इमाम, तिघांनाही महिन्याला 6,000. हुंडीचा वाद तर 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासूनचा आहे. मठाच्या हिशेबावर देखरेख म्हणजे धर्मप्रसार नव्हे, असं तिथं ठरलं. तरी एवढं मान्य करते, देवळावर देखरेख ठेवणारं सरकार 'आम्ही धर्मापासून लांब' म्हणतं तेव्हा हसू येतं.

निपाणी_तंबाखू

सगळे खंडेनवमीवर तुटून पडलात. जानेवारी 2024 ला सिद्धरामय्यांच्या सरकारनं बसवण्णांना 'सांस्कृतिक नायक' घोषित केलं आणि फोटो कचेऱ्याकचेऱ्यांत लागले. सिद्धरामय्यांच्याच मंत्रिमंडळानं 2018 मध्ये बसवण्णांना मानणाऱ्या लिंगायतांचा धर्म स्वतंत्र मानावा, अशी शिफारस केली होती. मग फोटो धर्माचा की संस्कृतीचा? सोयीनं ठरतंय. बसवण्णांबद्दल आदरच आहे, म्हणून विचारतोय.

टिळकवाडी_कट्टा

प्रश्न रास्त आहे. फोटोपुढं उदबत्ती लागली की माझं उत्तर तुमच्यासारखंच. नुसता फोटो असेल तर मला अडचण नाही. मार्कंडेय म्हणतील, हीसुद्धा सोयच.

मार्कंडेय_काठ

म्हटलंच.

सीमाभाग_56

इथल्या सरकारी भूमिपूजनाची पत्रिका फक्त कन्नडात, ते कुणाला दिसत नाही! एखाद्या भागात एका भाषेचे लोक 15 टक्क्यांवर असले की महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे केंद्राचं 1956 पासूनचं धोरण. इथं सीमाभागात पाट्यांवर 60 टक्के कन्नड मोजायला टेप घेऊन फिरतात.

कागदपत्रवाली

दर धाग्यात हेच. पत्रिका मराठीत आली म्हणजे पूजा सरकारी राहणार नाही काय?

फरशीवाला_शहापूर

धर्म राहू दे, फरशीचं बघा. 2023 ला बेंगळुरूच्या विधानसौधात आयुधपूजेला रासायनिक रंग नको म्हणून परिपत्रक निघालं तेव्हा 'हिंदूविरोधी' म्हणून बोंब झाली. त्यामागं साफसफाईचं कारण होतं. हळदीत चुना पडला की लाल होतं. कुंकवात कृत्रिम रंग असला तर तो सहज निघत नाही. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक, त्यावर लिंबाचा रस पडून राहिला की पॉलिश खातो आणि पांढरा डाग कायमचा बसतो. मग माळी-शिपाई ॲसिड ओततात, म्हणजे उरलेलं पॉलिशही गेलं. हळदीच्या डागावर सोडा टाकला तर तो आधी आणखी लाल होतो. नुसतं पाणी, मऊ ब्रश, मग ऊन.

खानापूर_घाट

आणि रस्ता? कोहळा फोडून तसाच सोडतात, वर नाणी टाकलेली म्हणून पोरं धावतात. गर आणि बिया डांबरावर पसरल्या की दुचाकीचं पुढचं चाक सरळ बाहेर. केळीचे खुंट रेडिएटरच्या जाळीपुढं बांधून घाट चढवला की इंजिन तापणारच, वारा आत जातोय कुठं?

फरशीवाला_शहापूर

खुंट बाजूला, आरशाखाली बांधायचे. आणि कोहळा पोत्यावर फोडायचा, पोतं गुंडाळून उचलायचं. पाच किलोच्या कोहळ्याला एक पोतं पुरतं.

सौंदत्ती_वाट

आता पोत्याचं पण बिल मागा.

टिळकवाडी_कट्टा

पोतं सरकारी असेल तर मागणारच. 'रजा टाकावी' म्हणणारे अजून आले नाहीत. त्यांनी एवढंच सांगावं, त्या रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं?

मार्कंडेय_काठ

'वैयक्तिक'. सगळे तेच लिहितात. पण तुमचा वर्गणीचा मुद्दा मला पटला, तेवढाच. यादी शिपायाच्या हातात नको. डबा ठेवा दाराजवळ, झाकणासकट, कुणी किती टाकले ते दिसायला नको.