ब्रेक मोठे बसवले, आता चाक कुठलं घ्यायचं? सोसायटीच्या गाडीवाले ग्रुपवरची चर्चा

सी-६०४: ग्रुपमधल्या गाडीवाल्यांना एक विचारायचंय. माझी ट्रॅकसाठी ठेवलेली पोलो जीटी टीएसआय आहे ना, तिला पुढे ३१२ मिमीची डिस्क आणि फोर पॉट कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग, चार पिस्टनचा) बसवलेत, काम मस्त झालंय पण कंपनीची १५ इंची अलॉय आता पुढे चढतच नाहीत, कॅलिपरला टेकतात, गाडी जॅक स्टँडवर आहे. घोडबंदर रोडवर एका दुकानात विचारलं तर तो म्हणतो सरळ १७ घे आणि २१५/४० चा टायर टाक, बाहेरचा व्यास कंपनीइतकाच येतो. चार चाकं चार टायर म्हणजे खर्च मोठा आहे, एकदाच करायचाय. काय करू?

सेक्रेटरी: गाडी स्टँडवर किती दिवस? फायर इंजिनचा रस्ता मोकळा पाहिजे.

सी-६०४: साहेब माझ्याच स्लॉटमध्ये आहे, रस्ता पूर्ण मोकळा आहे.

ए-९०७: मला एक सांगा, ब्रेक मोठे केले म्हणजे गाडी आधीपेक्षा लवकर थांबणार, बरोबर ना?

बी-११०२: नाही हो, एका दमात थांबवायची असेल तर कंपनीचे ब्रेक पण चाक लॉक करू शकतात, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागतं म्हणजे ब्रेकची ताकद पुरली, तिथून पुढे गाडी टायर थांबवतो. मोठी डिस्क लागते ती उष्णतेसाठी. ड्रायव्हरसकट १२०० किलो धरा, १६० वरून ६० वर आणलं तर साधारण १० लाख ज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे तीन लिटर गार पाणी उकळायला लागेल तेवढी, आणि ती काही सेकंदात, आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कवर. असं प्रत्येक लॅपला. लहान डिस्क दोन तीन लॅपमध्ये इतकी तापते की पॅड पकडत नाहीत आणि फ्लुइड उकळून पेडल मऊ पडतं. मोठ्या डिस्कमुळे दहाव्या लॅपला पण पहिल्या लॅपसारखं पेडल मिळतं.

ए-९०७: म्हणजे लवकर थांबायचं असेल तर टायर.

बी-११०२: हो. म्हणून ६०४ ला माझं पहिलं सांगणं हेच, की ब्रेकला पुरेल ते सगळ्यात लहान चाक घे आणि वाचलेले पैसे टायरवर घाल. १७ इंच दिसायला भारी दिसतं मान्य, पण त्याने लॅप टाइम कमी होत नाही.

सी-६०४: पण दादा व्यास तर जुळतोय ना? मी पण हिशोब केला.

बी-११०२: व्यास जुळतो, त्यात दुकानदार खोटं बोलत नाहीये. तुझा जुना १८५/६० आर १५ (रुंदी १८५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, चाक १५ इंच) म्हणजे ६०३ मिमी, २१५/४० आर १७ म्हणजे ६०४, अगदी तंतोतंत. पण साइडवॉल बघ. जुनी १११ मिमीची, ही ८६ ची. गायमुखच्या घाटात पावसाळ्यात जे खड्डे असतात त्यात ८६ मिमी साइडवॉलचं चाक वाकायला एक खड्डा पुरतो, आणि तू गाडी ट्रॅकपर्यंत चालवतच नेणार, ट्रेलर नाहीये आपल्याकडे. वर १७ चं चाक सहसा जड पण असतं, आणि चाकाचं वजन सगळ्यात बाहेर फिरतं, ते पळवायला पण ताकद लागते आणि थांबवायला पण. आता २०५/५० आर १६ बघ, ६११ मिमी, म्हणजे जुन्यापेक्षा ८ मिमी जास्त, दीड टक्का पण नाही. साइडवॉल शंभराच्या वर राहते. नंतरच्या पोलो जीटीला कंपनीच १९५/५५ आर १६ देत होती, तो तर ६२१ होतो, म्हणजे आर्चमध्ये जागा आहे.

सी-६०४: मग १६ फायनल?

बी-११०२: थांब रे, फायनल काही नाही. १६ इंचात ३१२ ची डिस्क बऱ्याच चाकांत बसते, सगळ्यांत नाही. १६ इंच म्हणजे ४०६ मिमी हे माप टायर जिथे बसतो तिथलं आहे, आतलं बॅरल, म्हणजे चाकाचा नळीसारखा भाग, त्याहून बरंच लहान असतं आणि प्रत्येक चाकाचं वेगळं असतं. कुणाच्या बॅरलला मध्ये पायरी असते, कुणाचं सरळ असतं. हा झाला पहिला अडथळा, कॅलिपरचा वरचा कोपरा आणि बॅरल यांच्यातला.

दुसरा अडथळा जास्त फसवतो, तो म्हणजे स्पोक. कंपनीच्या सिंगल पिस्टन कॅलिपरचा पिस्टन आतल्या बाजूला असतो, चाकाकडची बाजू पातळ. तुझ्या फोर पॉटला दोन पिस्टन बाहेरच्या बाजूला पण आहेत, म्हणजे कॅलिपर स्पोककडे जाडजूड बाहेर येतो. लोक फोनवर दुकानदाराला फक्त विचारतात ऑफसेट किती, ईटी ३५ का ४०, आणि तेवढ्यावर पैसे पाठवतात. एकाच ईटीची दोन चाकं घे, एकाचे स्पोक हबपासून (चाक गाडीला जिथे बसतं तो मधला भाग) बाहेर फुगलेले, दुसऱ्याचे आत वळलेले, पहिलं बसतं दुसरं टेकतं. ऑफसेट नुसता हबचा पृष्ठभाग चाकाच्या मध्यापासून किती लांब आहे ते सांगतो, स्पोकचा आकार तो सांगतच नाही.

सी-६०४: मग घ्यायच्या आधी कळणार कसं? इथे तर चाक लावून बघू पण देत नाहीत, टायर चढवल्याशिवाय.

बी-११०२: पुठ्ठा. तुझ्या किटच्या कंपनीकडे टेम्प्लेट माग, विलवूड आणि स्टॉपटेक त्यांच्या किटसाठी चाकाच्या क्लिअरन्सचं चित्र देतात, बाकीच्यांकडे पण मागून बघायचं. ते १०० टक्के मापात प्रिंट करायचं, प्रिंटरचं फिट टू पेज बंद, आणि प्रिंट झाल्यावर पट्टी लावून माप तपासायचंच. मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचं आणि दुकानात चाक उलटं ठेवून हबच्या जागी टेकवून पूर्ण गोल फिरवायचं. टायरची गरजच नाही. टेम्प्लेट नसेल तर तुझी गाडी स्टँडवरच आहे, हबवर सरळ पट्टी आडवी धरून कॅलिपर किती बाहेर येतो आणि मध्यापासून वरचा कोपरा किती लांब आहे ही दोन मापं घे, त्यावरून आपणच पुठ्ठा कापू.

सगळीकडे निदान ३ मिमी मोकळं पाहिजे. चाक बसलं, फिरलं, टेकत नाही, एवढ्याने भागत नाही, कारण वळणात चाक पण थोडं वाकतं आणि कॅलिपर पण तापून फुगतो.

ए-२०३: मी वाचतोय सगळं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं माझं, चाक निखळलेलं बघितलंय, म्हणून बोल्टबद्दल बोलतो. या गाडीला स्टड नाहीत, बोल्ट आहेत ना? एम १४?

सी-६०४: हो काका, एम १४ दीड पिचचे.

ए-२०३: मग दोन गोष्टी. कंपनीच्या बोल्टची सीट, म्हणजे चाकावर टेकणारा भाग, गोल असते, गोळीसारखी. बाहेरच्या बहुतेक अलॉयना कोनाची सीट लागते, ६० अंशाची. गोल सीटचा बोल्ट कोनाच्या भोकात घातला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो पण टेकतो फक्त एका कडेवर, आणि गरम गार होऊन सैल पडतो. चाक घेताना त्याच सीटचे नवे बोल्ट घे, जुने वापरायचा मोह नको. दुसरं, बोल्ट हाताने फिरवून आटे मोज. या जाडीला निदान साडेसात आटे आत गेले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर लांब बोल्ट आण.

सी-६०४: आणि स्पोकला दोन तीन मिलिमीटर कमी पडले तर स्पेसर टाकला तर चालेल का?

ए-२०३: चालतो, पण हबवर नीट बसणारा पाहिजे, आणि स्पेसर जितका जाड तितका बोल्ट लांब. पातळ स्पेसर मला आवडत नाही, कारण ५ मिमीचा स्पेसर हबची लिप खाऊन टाकतो आणि चाक मध्यावर बसवायला काही उरत नाही.

बी-११०२: काकांचं शंभर टक्के. हब ५७.१ मिमीचा आहे, पीसीडी ५ बाय १००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर बोल्टची पाच भोकं. बाहेरच्या चाकांचं मधलं भोक बहुतेक मोठं असतं, त्यात रिंग टाकून ५७.१ करतात. ती रिंग ॲल्युमिनियमची घे, प्लॅस्टिकची ट्रॅकवर ब्रेकच्या उष्णतेने मऊ होते. स्पेसर लागणार असेल तर त्याऐवजी कमी ईटीचं चाक शोध. पण तिथे पण हिशोब कर. समजा ६ जे (म्हणजे ६ इंच रुंद) ईटी ४० वरून ७ जे ईटी ३५ वर गेलास तर बाहेरची कड जवळजवळ १८ मिमी बाहेर येते आणि आतली कड ८ मिमी आत सरकते. बाहेर फेंडर, म्हणजे चाकावरचा बॉडीचा पत्रा, आत सस्पेन्शनचा स्ट्रट. दोन्हीकडे बघायचं.

डी-१५०१: टायरचं कुणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलते. मी कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेला चालवलंय, २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, लहान आहे म्हणून ब्रेकला गार व्हायला सरळ रस्ता कमी मिळतो. तिथे पहिल्यांदा कळलं की टायर संपला की ब्रेक कितीही चांगला असो, गाडी सरळच जाते.

सी-६०४: ताई तुम्ही कुठला वापरला?

डी-१५०१: कंपनीचं नाव नंतर सांगते, आधी माप. चाक बुक करायच्या आधी टायरवाल्याला फोन कर. जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे ट्रॅकसाठी जे चिकट टायर असतात, २०० च्या आसपास ट्रेडवेअरवाले (हा झिजेचा आकडा, जितका कमी तितकं रबर मऊ), ते आपल्याकडे ठराविक मापातच आणि कधी कधीच मिळतात. चाक १६ चं घेतलंस आणि त्या मापात चांगला टायरच नाही असं नको. आणि तो जुन्या साठ्यातला असू शकतो, म्हणून साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघ, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. तीन चार वर्षं गोदामात पडलेला चिकट टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस, रबर कडक झालेलं असतं.

लोड इंडेक्स पण बघ. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५. कंपनीपेक्षा खाली जायचं नाही.

आणि मागे पुढे एकच माप. पुढे रुंद मागे जुने असं करू नकोस, एबीएस आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चारही चाकांचा वेग एकमेकांशी ताडून बघतात.

सी-६०४: मागे तर १५ चं कंपनीचं चाक बसतंय म्हणून मी खरंच विचार करत होतो की पुढे दोनच घ्यावीत

डी-१५०१: नको. चार घे.

बी-११०२: मागच्यावरून आठवलं, स्टेपनी. तुझी स्टेपनी १५ ची आहे, ती आता पुढे बसणारच नाही. कोईम्बतूरला जाताना रात्री हायवेवर पुढचा टायर फुटला तर मागचं एक चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे. म्हणजे दोनदा जॅक. बोल्ट पण दोन प्रकारचे लागतील, अलॉयचे कोनाचे, स्टेपनीचे गोल. स्टेपनीसोबत जुने पाच बोल्ट डिकीत ठेवून दे.

ए-२०३: हे चांगलं सांगितलंस. हे लोकांच्या लक्षात येत नाही.

बी-११०२: अजून एक जे अलाइनमेंटवाले हमखास चुकवतात. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं. कॅलिपर आणि बॅरलमध्ये ३-४ मिमी जागा, आणि तो पोरगा नेमकं तिथेच वजन चिकटवतो. पहिल्याच चक्करला कॅलिपर ते खरवडून काढतो. आधी बॅरलच्या आत मार्करने पट्टा आखून दे की इथे वजन लावायचं नाही, आणि लावल्यावर वरून ॲल्युमिनियमची टेप, उष्णतेने गोंद सुटतो. रबरी व्हॉल्व्हऐवजी मेटलचे टाक.

ए-९०७: हे सगळं कायदेशीर आहे का पण? माझ्या भाच्याची गाडी आरटीओने अडवली होती.

बी-११०२: प्रश्न बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, त्यामुळे टायर फेंडरच्या बाहेर आलेला नको, आणि विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर घ्यायचं. आणि हे सगळ्यांनीच लक्षात घ्या, आपल्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून.

डी-१५०१: आणि रस्त्यावर हे टायर पावसात चालवू नकोस रे. खाचा कमी असतात, पाणी बाहेर फेकत नाहीत. मानपाड्याच्या पुलाखाली पाणी साचलं की गाडी तरंगेल. ट्रॅकवर हवा पण वेगळी. गार असताना कमी भरायची, कारण गरम झाल्यावर ४ ते ६ पीएसआय सहज वाढते. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये लगेच मोज आणि वहीत लिही, दुसऱ्याचे आकडे तुझ्या गाडीला चालत नाहीत.

सी-६०४: ताई, दादा, काका, खूप मदत झाली. म्हणजे असं करतो, आधी टायरवाल्यांना फोन करून २०५/५० आर १६ मध्ये काय आणि कुठल्या तारखेचं मिळतंय ते विचारतो, मग किटवाल्याकडून टेम्प्लेट मागवतो, पुठ्ठा घेऊन वागळे इस्टेटला आणि तुर्भ्याला दुकानं फिरतो, १६ बाय ७ ची चाकं, ईटी ३५ ते ४० मधली. बसलं तरच पैसे. १६ मध्ये कुठलंच बसलं नाही तर?

बी-११०२: तर १७ घे, पण तेव्हा २०५/४५ लाव, ६१६ मिमी, साइडवॉल ९२ ची तरी मिळेल. मग तो नाइलाज आहे, त्यात काही चूक नाही. ब्रेक आधी. फक्त हलकं चाक बघ, फ्लो फॉर्म्ड (बॅरल दाबून पातळ आणि मजबूत केलेलं) असेल तर उत्तम, आणि वजन दुकानात काट्यावर टाकून बघ, कागदावरचं मानू नकोस. मागे जेडब्ल्यूएलचा, म्हणजे चाकांच्या जपानी मानकाचा, शिक्का असतो तोही बघ, आणि चाकाची लोड क्षमता कोरलेली असते ती.

सी-६०४: आणि ब्रेक फ्लुइड? किटबरोबर डॉट ४ दर्जाचं भरलंय.

बी-११०२: साधं डॉट ४ कोरडं असताना २३० ला उकळतं आणि पाणी शोषल्यावर १५५ ला. आपल्या दमट हवेत ते पाणी शोषतंच. ट्रॅकच्या आधी नवीन भर, मोटुल आरबीएफ ६०० सारखं, ज्याचा कोरडा बॉइलिंग पॉइंट ३१२ आहे. मोठी डिस्क लावून जुनं फ्लुइड ठेवलं तर पेडल मऊ पडणारच.

ए-२०३: चाक बसल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरला लागतं का. मग १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने, आणि ५० किलोमीटर चालवून परत तपासायचं. इम्पॅक्ट गनने आवळायला देऊ नको कुणाला. माझ्याकडे टॉर्क रेंच आहे, घेऊन जा.

सी-६०४: काका शनिवारी सकाळी येतो घ्यायला. दादा तुम्ही पण या ना, हबची मापं घ्यायला दोघं लागतील.

बी-११०२: येतो. व्हर्नियर आणि सरळ पट्टी आणतो, तू जाड पुठ्ठा आण, खोक्याचा नको, तो दबतो.

सेक्रेटरी: शनिवारी सकाळी पोडियमवर पाणी मारायचं होतं, रविवारी करायला सांगतो. सोमवारपर्यंत गाडी चाकांवर येऊ दे.