वडिलांनी जेवण सोडले आहे. आग्रह करावा का?

प्रश्न (तासगाव)
वडिलांचा जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला असून, आता केमोथेरपीचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही त्यांना घरी आणले. आठवडाभर ते बहुतेक वेळ झोपूनच असतात. आई ज्वारीच्या कण्यांची पेज घेऊन बसते, पण चमचा ओठांपाशी नेला की ते तोंड भिंतीकडे वळवतात. सलाईन लावावे का? आजाराचे नेमके स्वरूप आम्ही त्यांना सांगितलेले नाही, तरी काल त्यांनी विचारले, "औंदाची द्राक्षाची छाटणी माझ्या नजरेला पडंल का रं?" मी "पडंल की" म्हणालो आणि गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

उत्तर (मिरज, निवृत्त परिचारिका)
भूक गेल्यामुळे आजार वाढलेला नसून आजार वाढल्यामुळे भूक गेली आहे, एवढे आईंना जरूर समजावून सांगा. नाहीतर त्या आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतील. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाला बळेच भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सलाईनबाबत डॉक्टरांशी बोला, परंतु या अवस्थेत ते पाणी शरीराला पेलवत नाही आणि पायांची सूज व छातीतली घरघर वाढू शकते. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ वारंवार टिपावेत. वेदना असतील तर मॉर्फिनला घाबरू नका. मात्र त्याने बद्धकोष्ठ होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. पुढे हातपाय गार पडतील, श्वासात खंड पडेल. घशात घरघर लागली तर कुशीवर वळवा. तो आवाज रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यालाच अधिक छळतो.

उत्तर (वाई)
छाटणीच्या प्रश्नावरून वडिलांना सारे कळले आहे असे मला वाटते. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मृत्यू समोर दिसणाऱ्या माणसाच्या मनाच्या, नकारापासून स्वीकारापर्यंत, पाच अवस्था मांडल्या, पण माझ्या आईच्या बाबतीत त्या क्रमाने आल्या नाहीत. सकाळी तिने स्वतःच्या साड्या सुनांना वाटून दिल्या आणि संध्याकाळी पुढच्या थंडीसाठी नवी वाकळ शिवायला सांगितली. दोन्ही वेळा ती मनापासूनच बोलत होती. वडिलांनी पुन्हा विचारले, तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढेच म्हणा आणि शेजारी बसून राहा.

प्रश्नकर्ता (तासगाव)
आज तसेच विचारले. बराच वेळ ते छताकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "मागच्या वेळचीच माणसं लाव, काडी नीट राखत्यात." आईने पेजेची वाटी बाजूला ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला.