बर्फात जुनी ९११ चालवायची आहे, टायर कोणते घ्यावेत?

जुनाट (धागाकर्ता): १९८० ची पोर्शे ९११ एससी आहे. हिवाळाभर झाकून ठेवायला जिवावर येतं, बर्फातही चालवणार. सध्या पुढे १८५/७०, मागे २१५/६०, सगळे १५ इंची. सहा इंची रिम्सचा एक जादा सेट पडून आहे. बजेट टायरच्या एका सेटपुरतंच. दुसरी गाडी घ्या, असं कृपया सांगू नका.

वळणवेडा: दुसरी गाडी घ्या. मी ९६४ कॅरेरा ४ (९११ चीच नंतरची पिढी) घेतली, चारही चाकांना ताकद. बर्फ पडला की मुद्दाम बाहेर काढतो.

तेलकट: बजेट वाचलंत का? असो. हिवाळी टायर चारही घ्या. नुसते मागे घातलेत तर गाडी पळेल, पण वळणार नाही. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक पडतं, बर्फ नसला तरी. मागेही सहा इंची रिम लावून १८५ च घाला. अरुंद टायर बर्फात रुतून पकड घेतो, रुंद वरच तरंगतो.

संथगती: डिकीत वाळूची पोती टाका. आमच्या पिकअपला मागे टाकतो, मस्त चालते.

तेलकट: अहो, हिचं इंजिनच मागे आहे! साधारण ६० टक्के वजन आधीच मागच्या चाकांवर. तोल साधायला सुरुवातीच्या काही ९११ च्या पुढच्या बंपरमध्ये कंपनीच बिडाचे ११-११ किलोचे ठोकळे बसवायची. पेट्रोलची टाकी पुढे आहे, ८० लिटरची. ती भरलेली ठेवा, पोती नकोत.

वळणवेडा: एल्फर्डने १९६८ ची माँटे कार्लो रॅली ९११ मध्येच जिंकली. टायरचं एवढं काय, हातात कसब हवं.

चिकित्सक: टायरला खिळेही होते. आणि तो एल्फर्ड होता.

वळणवेडा: १९६९ आणि १९७० लाही ९११ च.

चिकित्सक: ती वाल्डेगार्डची. अवांतर पुरे.

गंजीफ्रॉक: टायर टायर काय करताय, मिठाचं बोला! ‘१९७६ पासून पत्र्याला जस्ताचा थर आहे’ हे ऐकून मीही निर्धास्त होतो. खडीने थर टवकला की मीठ आत शिरतं. माझ्या गाडीत दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर सरळ आत गेला. चाकांच्या कमानी आतून धूत जा. आणि हीटर! गरम हवा एग्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून येते. तो गंजून भोक पडलं की कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये, आणि त्याला वास नसतो. टायरच्या आधी ते तपासून घ्या.

निवांत: चारही हिवाळी, +१. टायरवरची तारीख बघा: शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. मला एका दुकानदाराने जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला होता. वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका, मागचा भाग तुम्हाला ओव्हरटेक करायला बघतो. गिअरही हिसक्याने खाली आणू नका, इंजिनच्या ब्रेकनेच मागची चाकं सुटतात.

संथगती: पोती पुढे ठेवली तर?

जुनाट: आभार मंडळी. हीट एक्स्चेंजर उद्याच बघतो, टाकीही भरलेली ठेवीन. टायर मात्र मूळ मापाचेच घेतोय, डोंगर-हिमकणाच्या चिन्हाचे (म्हणजे बर्फातल्या चाचणीत पास झालेले) ऑल-सीझन. मागे १८५ घातले की गाडी उपाशी दिसते, बघवत नाही.

तेलकट: तुम्ही आत बसणार ना? मागून बघणार कोण?

निवांत: सहा इंची रिम्स काढायच्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.