वजनासोबत ताकदही गेली होती
रोज सलग १६ तास उपाशी राहिलं (इंटरमिटंट फास्टिंग) की पन्नाशीनंतरही वजन उतरतं असं म्हणतात, ते खरंय, माझंही चार महिन्यांत ६ किलो उतरलं. पण जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागायला लागला तेव्हा घाबरले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं आणि स्नायू तसेही झिजत असतात, त्यात एक जेवण गेलं की माझ्या ताटातलं प्रोटीनच आधी कमी झालं. मग १६ चे १३ तास केले, दोन्ही जेवणांत प्रोटीन वाढवलं आणि आठवड्यातून दोनदा डंबेल्स. आता वजन हळू उतरतंय, पण बिनआधार उठते.

आणि शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपास खरंच सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.